अपघात घटले की अपघातांच्या नोंदी?

कामाच्या ठिकाणचे अपघात आणि त्यांची नुकसानभरपाई या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या आस्थापनांची नावे अर्थातच वगळली आहेत. सर्व उत्तरांना लागू असलेला एक खुलासा आधी करणे सोयीचे होईल. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे बोलीतला ईएसआय, यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा त्याच दिवशी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. त्या तारखेपूर्वी झालेल्या अपघातांचे हक्क मात्र जुन्या कायद्यांप्रमाणेच ठरतील. भरपाईचा मूळ सांगाडा नव्या संहितेतही बव्हंशी तोच ठेवलेला आहे.

प्रश्न : वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या नोंदवहीतील अपघात सतत कमी होत आले असून प्रवेशद्वारावरील फलकावर अपघातविरहित दिवसांचा मोठा आकडा लिहिलेला असतो. भरपाईचे दावेही जवळजवळ थांबले आहेत. देशभरात हाच कल आहे, असे व्यवस्थापन सांगते. दावे कमी होणे हे सुरक्षितता वाढल्याचे लक्षण मानावे का? (वाळूज)

उत्तर : दावे कमी झाले एवढ्यावरून तसे मानता येणार नाही, आणि आपल्या पत्राचा सूर पाहता ही शंका आपल्याही मनात असावी.

नोंदणीकृत कारखान्यांतील अपघातांची देशपातळीवरची आकडेवारी केंद्र शासनाचे कारखाना सल्ला सेवा व कामगार संस्था महानिदेशालय गोळा करते. त्याचे मुख्यालय मुंबईत शीव येथे आहे. या महानिदेशालयाच्या माहितीनुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी १,१०९ कामगार मृत्युमुखी पडले आणि चार हजारांहून थोडे अधिक जखमी झाले. म्हणजे रोज तीन मृत्यू आणि अकरा जखमी. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की एका मृत्यूमागे चार जखमीसुद्धा भरत नाहीत. ज्यांनी कारखान्यात एक वर्ष जरी काढले आहे, त्यांना हे प्रमाण खरे वाटणे कठीण आहे.

तुलनेसाठी ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथे २०२३-२४ या वर्षात कामावरील अपघातांत १३८ माणसे दगावली आणि मालकांनी स्वतः कळवलेल्या जखमींची संख्या ६१,६६३ होती. ते आकडे सर्व क्षेत्रांचे आहेत आणि आपले केवळ कारखान्यांचे, ही तफावत लक्षात घेतली तरी एका मृत्यूमागे चारशेहून अधिक जखमी हे प्रमाण आणि आपले चाराचे प्रमाण यांतील अंतर निव्वळ क्षेत्रभेदाने भरून निघणारे नाही. शिवाय गंभीर इजांची यादी सोडली, तर तेथे सात दिवसांहून अधिक काळ कामाला मुकावे लागले तरच इजा कळवावी लागते. आपल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ नुसार मात्र जखमी कामगार अठ्ठेचाळीस तास काम करू शकला नाही की अपघात कळवणे बंधनकारक होते. आपली चाळणी अधिक बारीक असूनही तिच्यात कमी इजा सापडतात. ब्रिटनमधील मालकही सगळे कळवतात असे नाही. त्याच वर्षी तेथील घरोघरच्या सर्वेक्षणात कामावर इजा झाल्याचे सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ६,०४,००० होती.

याचा सरळ अर्थ असा की मृत्यू लपवणे अवघड असते आणि बोट गेलेले लपवणे सोपे असते. मृत्यू झाला की पोलीस येतात, शवविच्छेदन होते, वर्तमानपत्रात बातमी येते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागात, रोज कोणाचे ना कोणाचे पेर तुटते त्याची चर्चा फार तर त्या पाळीपुरती होते. म्हणून एखाद्या कारखान्याच्या, जिल्ह्याच्या किंवा देशाच्या आकडेवारीत मृत्यू तेवढेच राहून जखमींची संख्याच खाली येत असेल, तर घट सुरक्षिततेत शोधण्यापूर्वी ती नोंदवहीत शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद कशी नाहीशी होते, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. हाताला प्लास्टर घातलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडीने आणून स्टोअरमध्ये बसवले, हजेरी लावली, की कामाचा दिवस बुडाला नाही असे कागदावर दाखवता येते. जखमीला ईएसआय रुग्णालयाऐवजी ओळखीच्या खाजगी दवाखान्यात नेऊन रोख पैसे भरले, की तिकडेही कागद उरत नाही. ठेकेदाराच्या माणसाला झालेली इजा तर अनेक ठिकाणी कारखान्याची इजा म्हणून धरलीच जात नाही. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के आज ठेकेदारामार्फत आलेले आहेत, आणि प्रेस, भट्टी, टाकीसफाई यांसारखी धोक्याची कामे बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. या ४० टक्क्यांना वगळून लिहिलेल्या फलकाला काय किंमत द्यायची, हे आपणच ठरवावे.

दाव्यांच्या बाबतीतही हेच घडते. नुकसानभरपाईची जी प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतात, त्यांत मालमोटारींचे चालक आणि क्लीनर फार मोठ्या संख्येने दिसतात. त्यांना इतरांपेक्षा अधिक अपघात होतात हे कारण आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की रस्त्यावरच्या अपघाताची पोलिसांत फिर्याद असते, पंचनामा असतो आणि वाहनाची विमा पॉलिसी असते. जिथे कागद तयार होतो तिथून दावा येतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये, वीटभट्टीवर किंवा गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये कागद तयार होत नाही आणि म्हणून तिथे दावेही नाहीत.

आपण सुरक्षा अधिकारी आहात, म्हणून एक व्यवहार्य सूचना करतो. अपघात नोंदवही बाजूला ठेवून आधी प्रथमोपचार पेटीचा साठा, बाहेरच्या दवाखान्यांना दिलेली बिले, ईएसआयकडे गेलेले अपघात अहवाल आणि ठेकेदारांची हजेरी यांचा एका तिमाहीचा मेळ घालून पाहावा. बँडेज संपत असेल आणि नोंदी नसतील, तर उत्तर मिळालेच. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी ज्या विभागातून कधीच येत नाहीत, तो विभाग सर्वांत सुरक्षित नसून सर्वांत घाबरलेला असण्याची शक्यता अधिक. अपघातविरहित दिवसांवर बक्षीस देण्याची प्रथा तर बंदच करावी, कारण तिच्यामुळे जखमी झालेला माणूस स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या दृष्टीने गुन्हेगार ठरतो. दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनादिनी, आपण सारे शपथ घेतो. त्या दिवशी फलकावर ठेकेदाराच्या कामगारांच्या इजा धरून आकडा लिहून पाहा. शपथेपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय ३० असून तो ठेकेदारामार्फत एका प्रेस शॉपमध्ये मासिक १८,००० रुपये पगारावर काम करतो. पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. दवाखान्यात "घरी इजा झाली" असे लिहून घेण्यात आले. ईएसआयमध्ये त्याचे नाव अपघातानंतर तिसऱ्या दिवशी नोंदवले. मालक म्हणतात की हात आत गेल्यास यंत्र थांबवणारा सेन्सर त्यानेच बंद केला होता, त्यामुळे हक्क नाही. पण माणुसकी म्हणून दवाखान्याचा खर्च करतो, केस करू नका. आम्ही काय करावे? (भोसरी)

उत्तर : आपल्या भावाचा हक्क शाबूत आहे. अपघातानंतर ईएसआयचे कार्ड निघणे हा प्रकार नवा नाही. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील जखमी कामगारांसोबत हरियाणात आणि पुण्यात काम करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेने आपल्या वार्षिक अहवालांत हीच गोष्ट वारंवार नोंदवली आहे. सर्वाधिक बोटे पॉवर प्रेसवर जातात आणि कित्येक जखमींची नोंदणी अपघातानंतरच होते, असे हे अहवाल सांगतात. मालकाने नोंदणी केली नाही किंवा वर्गणी भरली नाही, याची शिक्षा कायदा कामगाराला देत नाही. ईएसआय महामंडळाने कामगाराला लाभ द्यायचा आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. कामावरील इजेच्या लाभासाठी किमान इतके दिवस वर्गणी भरलेली असावी, अशी अटही नाही. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो, तेव्हा भावाच्या पगाराचा प्रश्न उद्भवत नाही.

सेन्सरच्या मुद्द्याने आपण घाबरून जाऊ नये. ईएसआयच्या कायद्यानुसार कामगाराने नियम मोडून काम केले असले, तरी ते काम मालकाच्या धंद्यासाठीच चालले असेल, तर इजा कामावरचीच मानली जाते. शिवाय प्रत्यक्षात सेन्सर कोण बंद करतो, हे प्रेस शॉपमध्ये सर्वांना माहीत असते. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे असली, की हात डायच्या, म्हणजे दाबाच्या साच्याच्या, बाहेर राहतात, पण तासाला निघणारे नग कमी होतात. म्हणून ती काढून पायाचे पेडल बसवतात आणि दोन्ही हात डायपाशी मोकळे होतात. क्लच झिजलेल्या जुन्या प्रेसवर एका दाबाला दोनदा स्ट्रोक पडतो, तेव्हा हात काढून घ्यायला वेळच मिळत नाही. यंत्राचे धोकादायक भाग कुंपणबंद ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि उत्पादनासाठी पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत काढलेला गार्ड कामगाराच्या माथी मारता येत नाही.

आता करावयाच्या गोष्टी. घरी इजा झाल्याची नोंद चुकीची आहे, असा लेखी अर्ज त्या दवाखान्यात देऊन त्याची पोच घ्यावी. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अपघाताची तारीख, वेळ, पाळी, यंत्र आणि पर्यवेक्षकाचे नाव लिहून स्वतंत्र अर्ज द्यावा. मालकाने अपघात अहवाल पाठवला नसेल, तर तसे नमूद करावे. बँकेत जमा झालेला पगार, हजेरी कार्ड, गेट पासचे छायाचित्र, पाळीच्या व्हॉट्सअॅप गटातील संदेश हे सारे जपून ठेवावे, कारण अपघातापूर्वीपासून तो तिथे कामाला होता हे त्यांवरूनच सिद्ध होईल. त्याच अर्जाची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात द्यावी.

मिळणाऱ्या रकमेचा ढोबळ अंदाज देतो. बरे होईपर्यंतच्या काळासाठी पगाराच्या सुमारे ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, आणि हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. एका हाताची दोन बोटे पूर्ण गेल्यास अनुसूचीत कमाईक्षमतेची हानी २० टक्के धरली आहे. म्हणजे १८,००० च्या ९० टक्क्यांच्या २० टक्के, दरमहा सुमारे ३,२४० रुपये, आणि तेही आयुष्यभर. मंडळाने टक्केवारी कमी दिली, तर अपील करता येते. कारखान्यात दहापेक्षा कमी माणसे असल्याने ईएसआय लागूच होत नसेल, तर नुकसानभरपाई कायद्याने एकरकमी दावा करावा लागेल. त्यात पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. त्याच्या ६० टक्क्यांना वय ३० साठीच्या २०७.९८ या गुणकाने गुणून त्याचे २० टक्के काढले, की ३,७४,३६४ रुपये होतात. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च त्या कायद्यानेही मालकाकडेच आहे, तेव्हा त्यात माणुसकीचा भाग कोणता, हे मला समजलेले नाही.

प्रश्न : माझे मेहुणे, वय ३५, मार्च २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका इमारतीवर सेंट्रिंगचे काम करताना सहाव्या मजल्यावरून पडून वारले. रोज ७०० रुपये मजुरी होती. बिल्डर म्हणतो, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदाराने गावातील चार जणांसमोर बहिणीला दोन लाख रुपये दिले आणि यापुढे कोणताही दावा करणार नाही, असे मुद्रांकावर लिहून अंगठा घेतला. आता काही होऊ शकते का? (जालना जिल्हा)

उत्तर : होऊ शकते, मात्र मुदतीकडे लक्ष ठेवा. मृत्यूपासून दोन वर्षांत, म्हणजे मार्च २०२७ च्या आत दावा दाखल झाला पाहिजे. योग्य कारण असल्यास विलंब माफ होतो. पण त्या भरवशावर थांबू नये.

अपघात नव्या संहितेपूर्वीचा असल्याने १९२३ चा कायदाच लागू होईल. त्याच्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक ठरतो. आणि कलम ८ त्याहूनही थेट आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई या कायद्याखालील नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा केली तरच ती दिली असे मानले जाते. परस्पर वारसांच्या हाती दिलेले पैसे भरपाई ठरत नाहीत. मालकाने वारसांना दिलेली उचल तीन महिन्यांच्या मजुरीइतकीच वळती करून घेता येते. हे कलम लिहिणाऱ्यांना गावकीसमोरचे असले व्यवहार शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते, असे ते वाचताना वाटत राहते. त्या मुद्रांकाचा उपयोग उलट आपल्यालाच आहे, कारण मेहुणे त्या कामावर होते आणि कामावरच गेले, हे ठेकेदाराने त्यात स्वतः कबूल केले असणार. त्याची प्रत मिळवा.

बिल्डरची सबब टिकणारी नाही. आपल्या धंद्याचा भाग असलेले काम ठेकेदाराकडून आपल्या जागेवर करून घेणारा मुख्य मालक कलम १२ नुसार भरपाईस जबाबदार असतो. त्याने ती भरावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. दाव्यात दोघांनाही सामनेवाले करावे. इमारती बांधणाऱ्याचे सेंट्रिंग हे धंद्याबाहेरचे काम आहे, असा युक्तिवाद कोणी करणार नाही.

महिन्याचे २६ दिवस धरले, तर मजुरी १८,२०० रुपये होते, पण कायद्याने ती १५,००० धरली जाईल. तिच्या निम्म्याला वय ३५ चा गुणक १९७.०६ लावला, की १४,७७,९५० रुपये भरपाई निघते. अपघातानंतर महिन्याभरात ती जमा न केल्याबद्दल १२ टक्के सरळ व्याज आणि योग्य कारण नसल्यास भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आयुक्त लावू शकतात. विमा असला, तरी दंडाचा बोजा मालकाच्याच अंगावर पडतो. बहिणीला पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. अर्जदार राहतो त्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो, आणि महाराष्ट्रात हे अधिकार कामगार न्यायालयांकडे किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे असतात. जालना येथे चौकशी करावी.

मेहुण्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे चालू नोंदणी असेल, तर कामावरील अपघाती मृत्यूसाठी असलेले पाच लाखांचे साहाय्य वेगळे मागावे. ते मंडळाचे आहे, बिल्डरचे नाही. या कामी संघटनेची मदत मिळाल्यास जरूर घ्यावी; परंतु मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थांपासून लांब राहावे.

प्रश्न : माझे यजमान साखर कारखान्यात रात्रपाळीला होते. डिसेंबर २०२५ मध्ये मोटारसायकलवरून कामावर जाताना, कारखाना काही किलोमीटरवर असताना, ट्रॉलीला धडकून त्यांचा मृत्यू झाला. अपघात कारखान्याबाहेर झाल्याने संबंध नाही, असे कार्यालयातून सांगितले. हे खरे आहे का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : आपल्या दुःखात सहभागी आहे. कार्यालयाने सांगितलेली समजूत जुनी आहे आणि आता ती चालत नाही.

योगायोगाने आपल्या प्रकरणाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी दिला, आणि तो आपल्या शेजारच्या उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा आहे. साखर कारखान्याचे रखवालदार २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाले असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेले. तेथील आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघाताची परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर तो नोकरीच्या ओघातच घडला असे समजावे, असा त्या निकालाचा आशय आहे. ईएसआयच्या कायद्यात ही तरतूद २०१० मध्येच आली होती. साखर कारखाने हंगामी असल्याने त्या कायद्याबाहेर राहत आणि तेथील कामगारांना तिचा फायदा मिळत नसे. त्या रखवालदाराच्या कुटुंबाला हे ऐकण्यासाठी बावीस वर्षे लागावीत, ही या निकालाची दुसरी बाजू.

आपला अपघात नवी संहिता लागू झाल्यानंतरचा असल्याने आपल्याला त्या निकालावर पूर्णपणे विसंबण्याचीही गरज नाही, कारण संहितेच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणातच ही तरतूद समाविष्ट आहे. पाळीचा तक्ता, त्या दिवशी ते नेहमीच्याच रस्त्याने निघाले होते हे सांगणारा साक्षीदार, फिर्यादीतील वेळ आणि पंचनाम्यातील ठिकाण, एवढे कागद जमवावेत. मात्र एक निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागेल. चूक ट्रॉलीवाल्याची असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही दावा होऊ शकतो, पण दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. न्यायाधिकरणात पगारावर मर्यादा नसल्याने रक्कम मोठी असू शकते. तेथे दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागते, इकडे ती करावी लागत नाही. ट्रॉलीचा विमा होता की नव्हता, हे आधी पाहून मगच वकिलांच्या सल्ल्याने एक मार्ग निवडावा.

प्रश्न : मी मोबाइल अॅपवरून खाद्यपदार्थ पोहोचवतो. घसरून पाय मोडला. कंपनीवर दावा करता येईल का? (पुणे)

उत्तर : नोकर म्हणून दावा करणे आज अवघड आहे, कारण संहितेने आपल्यासारख्यांची गिग कामगार अशी वेगळी व्याख्या करून त्यांना मालक-नोकर नात्याबाहेर ठेवले आहे. त्याऐवजी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, अशी योजना आहे. आपण केंद्र शासनाच्या ई-श्रम संकेतस्थळावर नोंदणी करून ठेवावी. बहुतेक अॅपमध्ये ऑर्डर चालू असतानाच्या अपघातासाठी गट विमा असतो आणि त्याची कळवण्याची मुदत अगदी थोडी असते, तेव्हा हे उत्तर वाचण्यापूर्वीच आपण तो दावा टाकला असेल अशी आशा करतो. ऑर्डर चालू असल्याचा स्क्रीनशॉट हाच आपला पंचनामा.

प्रश्न : यंत्रमागावर तीस वर्षे काम करून मी गेल्या वर्षी काम सोडले. हल्ली ऐकू फार कमी येते. डॉक्टर म्हणतात, मागाच्या आवाजाने झाले. अपघात झालेला नाही, मग भरपाई कशी मिळणार? (इचलकरंजी)

उत्तर : व्यवसायजन्य आजार हा कायद्याच्या लेखी अपघातच असतो. आवाजामुळे येणारे बहिरेपण भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात आहे. एकाच मालकाकडे सलग सहा महिने असे काम केलेले असेल, तर आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. धावत्या मागांच्या शेडमधला आवाज बहुधा तिच्या वरच असतो, आणि कानात कापसाचे बोळे हाच तेथला सार्वत्रिक उपाय आहे.

काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत आजाराची लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस समजतात आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत तेथून मोजतात. म्हणजे आपण वेळेत आहात. याआधी कधी तपासणी होऊन बहिरेपण आढळले असेल, तर मात्र तारखेचा वाद होईल. माग ईएसआयखाली असेल, तर हाच दावा तिकडे करावा लागेल.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी कामामुळे सुमारे २९ लाख माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे २६ लाख आजारांनी, म्हणजे अपघातांच्या जवळजवळ आठपट. आपल्याकडे मात्र आजारांचे दावे जवळजवळ येतच नाहीत. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, क्षय म्हणून उपचारला जातो आणि बहिरेपण वयावर ढकलले जाते. त्यामुळे आपल्या डॉक्टरांचे तोंडी मत पुरेसे नाही. शासकीय रुग्णालयात श्रवणक्षमतेची आलेख-तपासणी करून घ्यावी, त्या अहवालावर आवाजाच्या संपर्काचा कालावधी आणि बहिरेपणाची टक्केवारी लिहून मागावी आणि शेवटच्या मालकाकडून सेवेचा दाखला घ्यावा. मालक दाखला देत नसेल, तर भविष्यनिर्वाह निधीचा उतारा किंवा बोनसच्या पावत्या चालतील. त्याही नसतील, तर शेजारच्या मागावर काम केलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे अर्जासोबत जोडावीत.